कोल्हापूरहून लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला निघताना: खाण्यापिण्याची निवड आणि आखणी

कोल्हापूरच्या सायकलस्वाराची एक अडचण अशी, की या गावाचे नाव ज्या पदार्थांवर झाले त्यांपैकी बहुतेक पदार्थ सायकलवर बसण्याआधी किंवा वाटेत खाण्याजोगे नाहीत. मिसळीचा कट, तांबडा-पांढरा रस्सा, सुके मटण, खर्डा या सगळ्यांत तेल आणि तिखट भरपूर असते. तेलकट पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, आणि पायडल मारताना रक्ताचा ओघ पायांच्या स्नायूंकडे वळलेला असल्यामुळे पचनाचे काम आधीच मंदावलेले असते. पहाटे निघून रस्त्यात मिसळ चापायची आणि लगेच चढाला लागायचे, हा बेत म्हणूनच पन्हाळ्याच्या वाटेवरील वाघबीळच्या आसपास अंगाशी येतो. मिसळीचे स्थान परतल्यानंतरचे आहे, आणि तिथे मात्र तिच्यावर कुणी बंधन घालू नये.

याच गावात सायकलस्वाराला लागणारे इतर जवळजवळ सर्व काही स्वस्तात मिळते: गूळ, काकवी, केळी, खजूर, भात, रताळी, दूध, लिंबू. महागड्या परदेशी पाकिटांची गरज फारच थोड्या प्रसंगी भासते. मात्र त्यासाठी पदार्थ निवडताना चवीऐवजी तीन प्रश्न विचारावे लागतात: हा पदार्थ तासाला किती कर्बोदके देतो, धावत्या सायकलवर तो एका हाताने खाता येतो का, आणि चौथ्या तासाला तो पोटात राहतो का.

आधी किलोमीटर नव्हे, तास मोजावेत

पन्हाळा शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि नरसोबाची वाडी ४५ ते ५० किलोमीटरवर. तरीही चढ धरला तर पन्हाळ्याची फेरी शरीरावर अंतराच्या मानाने बरीच जड जाते, आणि वाडीचा सपाट रस्ता गप्पा मारत संपतो. अंतरावरून आहार ठरवणारा म्हणूनच फसतो. आखणी नेहमी सायकलवर घालवायच्या तासांवरून करावी.

यामागचे कारण साधे आहे. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखून ठेवलेली साखर, साठवलेले असते. जोरात सायकल चालवली तर हा साठा दीड ते दोन तासांत तळाला जातो. चरबीचा साठा सडपातळ माणसाकडेही मुबलक असतो, पण चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. म्हणजे फक्त चरबीवर चालायचे ठरवले तर वेग निम्म्यावर येतो. फेरी दीड तासाच्या आतली असेल तर बाटलीत साधे पाणी पुरेसे आहे. दोन-अडीच तासांपर्यंतच्या फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. त्याहून लांब पल्ल्यासाठी ५० ते ६० ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे, आणि पोटाला सवय लावलेले सायकलस्वार तासाला ९० ग्रॅमपर्यंतही जातात.

सवय हा शब्द इथे शोभेसाठी वापरलेला नाही. ज्याने आजवर केवळ पाण्यावर फेऱ्या केल्या आहेत त्याने पहिल्याच मोठ्या फेरीत तासाला ६० ग्रॅम खायला सुरुवात केली, तर पोट फुगण्याची आणि मळमळण्याची शक्यता अधिक. आधी ३० ते ४० ग्रॅमने सुरुवात करून काही आठवड्यांच्या रविवारच्या फेऱ्यांत प्रमाण वाढवत न्यावे. मोठ्या फेरीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ पहिल्यांदा खाऊ नये, मग तो मित्राने कितीही आग्रहाने पुढे केलेला असो.

पाणी आणि मीठ: घरच्या वजनकाट्यावर ठरवायची गोष्ट

तासाला किती पाणी प्यावे याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण घामाचे प्रमाण माणसागणिक आणि ऋतूगणिक बदलते. बहुतेकांचे काम तासाला ४०० ते ८०० मिलिलिटरमध्ये भागते, परंतु एप्रिल-मेच्या उन्हात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात हा आकडा वर जातो. आपला स्वतःचा आकडा काढण्याची रीत सोपी आहे. लघवीला जाऊन यावे, कमीत कमी कपड्यांत वजन करावे, तासभर नेहमीच्या वेगाने सायकल चालवावी, परत येऊन घाम पुसावा आणि पुन्हा वजन करावे. समजा वजन ७० किलोंवरून ६९.२ किलोंवर आले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायले गेले. तर त्या तासाला घाम साधारण १.३ लिटर गेला. हा सगळा घाम वाटेतच भरून काढण्याची गरज नसते. फेरीअखेर वजन दोन टक्क्यांहून अधिक घटू नये, म्हणजे ७० किलोंच्या माणसाचे १.४ किलोंहून अधिक कमी होऊ नये, एवढे साधले तरी पुरे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ही मोजणी वेगवेगळी करावी.

पावसाळ्यात उलटी चूक होते. गगनबावड्याच्या बाजूला संततधार लागलेली असताना तहान लागतच नाही, पण रेनकोटच्या आत घामाच्या धारा चालूच असतात. त्या दिवसांत तहानेची वाट न पाहता घड्याळ पाहून घोट घ्यावेत. घाटातल्या झऱ्यांचे आणि धबधब्यांचे पाणी मात्र कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये.

घामातून पाण्याबरोबर सोडियम जाते: लिटरमागे साधारण ४०० मिलिग्रॅमपासून हजाराच्याही वर. काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटणाऱ्यांनी आपण वरच्या टोकाचे आहोत असे धरावे. चार-पाच तास केवळ साधे पाणी पीत राहिले, आणि तेही घामापेक्षा जास्त, तर रक्तातील सोडियम पातळ होते. ही स्थिती पाणी कमी पडण्याहून घातक ठरू शकते. म्हणून दोन बाटल्यांपैकी एकीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचे पेय ठेवावे.

हे पेय घरी असे करावे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीसाठी ४५ ग्रॅम गूळ, सपाट पाव चमचा मीठ आणि अर्धे लिंबू घ्यावे. गूळ आधी वाटीभर कोमट पाण्यात विरघळवावा आणि ते पाणी सुती कापडातून गाळून घ्यावे. ही पायरी वगळू नये, कारण चांगल्या गुळातही कधीकधी उसाची चिपाडे आणि बारीक कचकच असते; ती बाटलीच्या तोंडाच्या झडपेत अडकली की चढावर बाटली दाबूनही थेंब बाहेर येत नाही. गाळलेले पाणी बाटलीत ओतून वर साधे पाणी भरावे, मीठ घालावे, लिंबू सर्वात शेवटी पिळावे. या बाटलीतून सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके आणि पाचशे-सहाशे मिलिग्रॅम सोडियम मिळते. काकवी हाताशी असेल तर गाळण्याचा व्याप वाचतो. उन्हात गुळाचे पाणी आंबू लागते, म्हणून ही बाटली पहिल्या तीन-चार तासांत संपवावी आणि पुढच्यासाठी गूळ पावडर व मीठ यांच्या मोजून केलेल्या पुड्या सोबत न्याव्यात.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिवळाधमक घ्यावा की रसायनविरहित काळपट, यावर बाजारात बराच वाद रंगतो. बाटलीतल्या ऊर्जेच्या दृष्टीने दोहोंत दखल घेण्याजोगा फरक नाही; चवीला मात्र काळपट गूळ लिंबाबरोबर अधिक चांगला लागतो, असे माझे मत आहे.

शहाळ्याचे पाणी उत्तम, परंतु त्यात पोटॅशियम भरपूर आणि घामाच्या मानाने सोडियम थोडे असते. म्हणून शहाळ्याबरोबर चिमूटभर मीठ किंवा खारे दाणे खावेत. औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी घेताना ती जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचे वाचून घ्यावे. या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. म्हणजे ती क्षार भरून काढते, पण सायकलस्वाराला लागणारी ऊर्जा देत नाही. ऊर्जेसाठी वेगळे खावेच लागते. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मीठ आणि साखरेचे हे सर्व आकडे आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावेत.

खिशात काय ठेवावे

मध्यम आकाराच्या केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके मिळतात, ते पोटाला सोसते आणि कोणत्याही गावच्या फाट्यावर मिळते. तोटा एवढाच, की खिशात ते दोन तासांत काळे पडून लगदा होते; म्हणून केळी सोबत नेण्यापेक्षा वाटेत घ्यावीत. खजुरात वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश साखर असते. आठ-दहा ग्रॅमचे पाच साधे खजूर बिया काढून ठेवले की ३० ग्रॅमची सोय झाली. उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून नेले, तर गोडाने तोंडाला मिठी बसली असताना फार उपयोगी पडतात. राजगिऱ्याचे लाडू हलके असले तरी कोरड्या घशात त्यांचा भुगा अडकतो आणि चढावर ठसका लागतो. शेंगदाण्याच्या चिक्कीत स्निग्धांश बराच असल्याने ती सावकाश चालीच्या पहिल्या दोन तासांत ठीक, घाटाच्या तोंडाशी नव्हे. भडंग तर पूर्णपणे टाळावा. जयसिंगपूरचा भडंग आवडत नाही असा माणूस या जिल्ह्यात सापडणे कठीण, पण तेल, लसूण आणि कोरडे चुरमुरे हे धापा टाकणाऱ्याचे खाणे नव्हे.

सायकलस्वारांसाठी बाजारात मिळणाऱ्या घट्ट, गोड जेलच्या एका पाकिटात बहुधा २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि ते दहा सेकंदांत पोटात जाते, हाच त्याचा खरा गुण. शेवटच्या चढासाठी एक-दोन जवळ ठेवायला हरकत नाही. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्यावे. घट्ट जेलवर गोड पेय प्यायले तर आतड्यात साखर इतकी दाट होते, की शरीरातील पाणी उलट आतड्याकडे ओढले जाते, आणि पुढचा अर्धा तास पोटात कळा येतात.

घरी करण्याजोग्या पदार्थांत माझी पहिली पसंती गुळाच्या भातवड्यांना आहे, आणि ती केवळ चवीसाठी नाही. भातातील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते, आणि ग्लुकोज आतड्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमपर्यंतच शोषले जाते. गुळातील सुक्रोजचे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज होते. फ्रुक्टोजची शोषणाची वाट वेगळी असल्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ले की तेवढ्याच वेळात अधिक ऊर्जा रक्तात पोहोचते आणि पोटावर ताणही कमी येतो.

एक वाटी, म्हणजे दीडशे ग्रॅमभर नवा तांदूळ घ्यावा. जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि वड्या सुटतात. बासमती तर अजिबात चालत नाही. नेहमीपेक्षा वाटीभर पाणी जास्त घालून तो मऊ शिजवावा आणि गरम असतानाच डावाने घोटावा. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, एक उकळी आणावी आणि त्यात भात, सपाट अर्धा चमचा मीठ व वेलदोडा घालून मिश्रण भांड्याची कड सोडेपर्यंत परतावे. तूप केवळ ताटाला लावण्यापुरते. ताटात अंगठ्याच्या पेराएवढ्या जाडीचा थर थापावा, वर दुसरे ताट दाबून ठेवावे, निवाल्यावर आठ वड्या पाडाव्यात. प्रत्येक वडीत साधारण २५ ग्रॅम कर्बोदके बसतात. वडी बटर पेपरमध्ये टॉफीसारखी न पिळता पाकिटासारखी गुंडाळावी. पिळलेली टोके हातमोज्यांनी उघडत नाहीत. शिजवलेला भात उबेत फार वेळ राहिला तर त्यात घातक जंतू वाढतात, म्हणून रात्री केलेल्या वड्या लगेच थंड करून फ्रीजमध्ये ठेवाव्यात, सकाळी काढाव्यात आणि दुपारच्या आत संपवाव्यात.

आदला दिवस आणि पहाट

आदल्या दिवशी पोट तडस लागेपर्यंत भरण्यात काही हशील नाही. त्या दिवशीच्या दोन्ही जेवणांत भाताचे किंवा पोळीचे प्रमाण वाढवावे आणि त्याच प्रमाणात रस्सा, उसळी, कच्च्या कोशिंबिरी कमी कराव्यात. रात्री वरण-भात, वर चमचाभर तूप आणि लिंबू हे जेवण आठच्या सुमारास उरकलेले असावे. मटकी, हरभरा यांसारखी कडधान्ये एरवी उत्तम, पण त्या रात्री त्यांचा वायू दुसऱ्या दिवशी हँडलवर वाकलेल्या माणसाला सतावतो.

निघण्यापूर्वी दोन तास आधी खाता आले तर वजनाच्या किलोमागे एक ते दोन ग्रॅम कर्बोदके घ्यावीत: कमी तेलाचे आणि दाणे न घातलेले पोहे, इडली, किंवा गूळ लावलेली पोळी. पण पाच वाजता निघणाऱ्याला तीन वाजता उठून खा म्हणणे कागदावरच ठीक. झोप त्याहून मोलाची आहे. अशांनी निघण्यापूर्वी पाऊण तास एक केळे, जॅम लावलेले दोन पाव आणि कपभर चहा एवढेच घेऊन पहिल्या तासात सावकाश चालावे. दूध सकाळी अनेकांना जड जाते. ते परतीसाठी राखावे.

गगनबावड्याची फेरी, घड्याळ लावून

गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ११० किलोमीटर. बऱ्यापैकी सराव असलेला माणूस सायकलवर पाच ते सहा तास घालवतो. तासाला ५० ग्रॅम धरले तर २५० ते ३०० ग्रॅम कर्बोदकांची सोय हवी: गुळाच्या दोन बाटल्या म्हणजे ८० ग्रॅम, चार भातवड्या म्हणजे १००, वाटेत दोन केळी म्हणजे ५०, आणि राखीव एक जेल व पाच खजूर. निघताना एक बाटली गुळाची आणि एक साध्या पाण्याची. दुसऱ्या गुळाच्या बाटलीसाठी पुडी.

फुलेवाडी सोडल्यावर पाऊण तासाने पहिली अर्धी वडी खावी. भूक लागलेली नसते, आणि म्हणूनच बहुतेक जण इथे चुकतात. भूक लागल्यावर खाल्लेले उपयोगी पडायला पंधरा-वीस मिनिटे जातात, तोवर पाय रिकामे झालेले असतात. सायकल कॉम्प्युटरवर किंवा मनगटी घड्याळावर दर वीस मिनिटांचा गजर लावावा आणि गजर झाला की दोन-तीन घोट व दर दुसऱ्या गजराला अर्धी वडी, असा क्रम ठेवावा. कळे गावाशी थांबायची सहसा गरज पडत नाही. असळजला मात्र थांबून साधे पाणी भरून घ्यावे आणि केळी घ्यावीत. टपरीवर गरम भज्यांचा घाणा चालू असतो, सोबतचे मित्र बाकावर बसतात, आणि पाच मिनिटांचा थांबा अर्ध्या तासाचा होतो. त्यात भज्यांचे तेल पुढच्या चढापर्यंत पोटात तसेच राहते. इथे कपभर चहा आणि दोन बिस्किटे हरकत नाही.

गगनबावड्याला पोहोचल्यावर पोट भरून जेवू नये. दुसरी गुळाची बाटली तयार करावी, एक वडी खावी, आणि कोकम सरबत मिळाले तर मीठ घालून घ्यावे. ज्यांना करूळ घाट उतरून वैभववाडीपर्यंत जायचे असेल त्यांनी लक्षात घ्यावे, की उताराच्या गारव्यात खाणे-पिणे विसरले जाते आणि तोच घाट परत चढताना दुपारचे कोकणी दमट ऊन असते. त्यांनी आणखी दोन बाटल्या आणि शंभर ग्रॅम कर्बोदके वाढवून न्यावीत.

ऊस हंगामात वाटेत रसवंती दिसली तर जरूर थांबावे. ग्लासभर रसातून २५ ग्रॅमच्या वर साखर मिळते. बर्फ मात्र घालू देऊ नये आणि चरक धुतलेला आहे की माश्यांनी भरलेला, हे आधी पाहावे.

दोनशे किलोमीटर आणि त्याहून पुढे

बीआरएममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३०० किलोमीटरला २० तास मिळतात. इतका वेळ गोडावर काढता येत नाही. पाचव्या-सहाव्या तासाला गुळाचा वाससुद्धा नकोसा होतो. म्हणून निपाणी, संकेश्वरमार्गे बेळगावच्या रस्त्याला लागणाऱ्यांनी दर चार तासांनी एक खारट, मऊ जेवण ठरवून ठेवावे: इडली, दहीभात, मऊ खिचडी किंवा मीठ-लिंबाचा साधा भात. नेहमीच्या अर्धेच खावे आणि पुढची वीस मिनिटे सावकाश चालावे. तवंदी घाटाच्या आधी जेवण्यापेक्षा घाट चढून झाल्यावर जेवलेले बरे. दह्यात मीठ घालावे, मिरची नाही. बेळगावचा कुंदा घरच्यांसाठी बांधून घ्यावा. खव्याचा तो गोळा परतीच्या वाटेवर स्वतः खाण्याचा नव्हे. रात्रीच्या टप्प्यात चहा-कॉफीचा उपयोग होतो, पण ती झोप येऊ लागण्यापूर्वी थोडी आधी घ्यावी.

बिघडले तर

हातपाय थरथरणे, चिडचिड, समोरच्या साध्या उतारावरही पायडल न मारवणे: सायकलस्वार याला बोंक म्हणतात. उतरावे, सावलीत बसावे, ३० ते ४० ग्रॅम झटपट साखर घ्यावी. अशा वेळी छोटी बाटलीभर कोला, हलवून गॅस घालवलेला, खरोखर काम करतो. दहा-पंधरा मिनिटांनी सावकाश निघावे आणि त्यानंतर थोडेथोडे खात राहावे, कारण रिकामा साठा वाटेत पुरता भरत नाही.

पोटात डचमळत असेल तर खाणे बंद करून वेग कमी करावा आणि पंधरा मिनिटे साध्या पाण्याचे लहान घोट घ्यावेत. भरपूर पाणी पिऊनही डोके दुखत असेल, बोटे सुजली असतील, मळमळ आणि गोंधळलेपण असेल, तर आणखी पाणी पाजू नये. सोडियम घटल्याची ही लक्षणे असू शकतात आणि अशा माणसाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

परतल्यावर

पहिल्या तासात कर्बोदके आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. कोल्हापुरात याची सोय करायला डोके खाजवावे लागत नाही: अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, सोबत दोन केळी आणि एक उकडलेले अंडे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरील धारोष्ण दुधाचे आकर्षण मोठे आहे, पण थकलेल्या पोटासाठी उकळलेले दूध सुरक्षित. लघवीचा रंग फिका होईपर्यंत पाणी आणि मीठ असलेले जेवण सावकाश चालू ठेवावे. तासाभरात दोन लिटर रिचवू नये. यानंतर दोन-तीन तासांनी मिसळ, किंवा रात्री तांबडा-पांढरा, ज्याला जे हवे ते.

कितीही थकवा आला तरी बाटल्या त्याच रात्री गरम पाण्याने आणि ब्रशने धुवाव्यात, तोंडाची झडप काढून वेगळी घासावी आणि उघड्या उलट्या वाळत ठेवाव्यात. गुळाचे पाणी राहिलेल्या बाटलीला दोन दिवसांत आतून बुरशी धरते, आणि पुढच्या रविवारी पहाटे अंधारात ती दिसत नाही.